पंधराव्या वर्षाला उत्तर कोण देणार?

उदास मुलाला उदास गाणं ऐकवलं की त्याला धीर येतो, हा समज जपानी गाण्यांच्या बाबतीत आता इतका मुरला आहे की तो कोणी तपासूनही पाहत नाही. रात्री रडण्यासाठीची गाणी, शाळेत जाववत नाही तेव्हाची गाणी अशा तयार याद्या मिळतात. अ‍ॅनिमेवर वाढलेली आपल्याकडची आठवी-नववीतली मुलंही, शब्द कळोत न कळोत, त्याच ऐकतात. त्यांत अँजेला आकीचं ‘तेगामी’ आणि योआसोबीचं ‘योरु नि काकेरु’ शेजारी शेजारी लावलेलं दिसलं की माझा संताप होतो. दोन्हींत कोवळ्या वयाचं दुःख आहे, दोन्हींची चाल कानातून जात नाही, एवढ्यावर त्यांना एका पंक्तीला बसवणाऱ्याला पत्र आणि आरसा यांतला फरक कळलेला नाही.

‘तेगामी’, म्हणजे पत्र, हे २००८ साली एनएचके या जपानी प्रसारणसंस्थेच्या राष्ट्रीय शालेय संगीत स्पर्धेत माध्यमिक शाळांना नेमून दिलेलं गाणं. आकीनं किशोरवयात स्वतःलाच लिहिलेलं पत्र तिच्या आईनं जपून ठेवलं आणि तिसाव्या वाढदिवशी तिच्या हाती पोचवलं. गाण्याचं बीज ते. आधी पंधरा वर्षांचं मूल मोठेपणीच्या स्वतःला विचारतं, मग मोठं झालेलं माणूस त्याला उत्तर लिहितं. त्या उत्तरात सुखाची हमी नाही. मोठं होणं म्हणजे दुःखातून सुटणं नव्हे, हे ते सरळ मान्य करतं आणि तरीही मुलाचा हात सोडत नाही. मुलामुलींच्या मिश्र गटांसाठी हे समूहगान तीन थरांत बांधलेलं असतं, मुलींचे दोन आणि मुलांचा एक. मुलांचे गळे या वयात फुटत असतात. वरचा स्वर गाठवत नाही, खर्ज अजून बसलेला नसतो. म्हणून त्यांना मधल्या, आखूड पट्ट्यातली एकच ओळ द्यावी लागते. ज्या आवाजाला स्वतःचीच खात्री नाही तो शेजारच्या आवाजांच्या आधारानं उभा राहतो. शब्दांच्या आधी धीर इथे, या बांधणीत आहे.

मोठ्यांनी मुलांना असा धीर देणं शाळेच्या गाण्यांत सहज आलेलं नाही. ‘आओगेबा तोतोशि’ १८८४ पासून निरोप समारंभांत गायलं जाई. त्यात मुलं गुरुजनांचे उपकार मानतात. १९९१ मध्ये साइतामा प्रांतात, चिचिबूच्या कागेमोरी माध्यमिक शाळेत, मुख्याध्यापक कोजिमा नोबोरू यांनी शब्द लिहिले, संगीतशिक्षिका साकामोतो हिरोमी यांनी चाल बांधली आणि ‘ताबिदाची नो हि नि’ शिक्षकांनीच निघालेल्या मुलांसाठी गायलं. पुढे देशभरातल्या शाळांनी ते उचललं. गाणं कोणी कोणासाठी म्हणायचं, हेच त्या दिवशी उलटलं. माझ्या दृष्टीनं या परंपरेतली सगळ्यात मोठी घटना ती आहे, आणि ती कुठल्याही ध्वनिमुद्रण कंपनीत घडली नाही.

या गाण्यांची हुरहुर पाच स्वरांच्या स्वरमालेतून येते, असं म्हणण्याची एक सोपी पद्धत आहे. पण १९२७ मध्ये यामादा कोसाकू यांनी ‘आकातोम्बो’ या बालगीताला दिलेली चाल भूपाच्याच स्वरांत आहे, मध्यम-निषाद वर्ज्य, आणि भूप काही रडका राग नव्हे. तिथे काळजात घर करते ती पंधराव्या वर्षी लग्न होऊन गेलेली, लहानपणी सांभाळणारी मुलगी आणि येईनाशी झालेली खुशाली. दुःख उत्तर न येण्याचं आहे.

गायक साकामोतो क्यूच्या ‘उए ओ मुइते आरुको’ला १९६३ मध्ये अमेरिकेनंही डोक्यावर घेतलं. ते एकट्याचं एकट्याशी चाललेलं गाणं. त्याच्याच आवाजातलं ‘मिआगेते गोरान योरु नो होशि ओ’ मला कितीतरी मोठं वाटतं. एइ रोकुसुके आणि इझुमी ताकू यांचं हे गाणं १९६० च्या एका संगीतिकेतलं, दिवसा राबून रात्रशाळेत शिकणाऱ्या मुलांचं. त्या काळी ईशान्येकडच्या खेड्यांतली मुलं माध्यमिक शाळा संपताच, पंधराव्या वर्षी, खास आगगाड्यांनी तोक्योच्या उएनो स्थानकावर उतरत आणि कारखान्यांत, दुकानांत कामाला लागत. गाणं त्यांच्याशी बोलतं. गायिका नाकाजिमा मियुकीचं १९८३ मधलं ‘फाइट!’ही असंच. माध्यमिक शाळेपुरतंच शिकलेल्या एका मुलीनं नाकाजिमाच्या रेडिओ कार्यक्रमाला लिहिलेल्या पत्रातून ते उगवलं. नाकाजिमा त्यात गोंजारत नाही, ती जवळजवळ ओरडते. पत्र लिहिणाऱ्या मुलीला तेच हवं होतं, असं मी मानतो.

२००३ ते २००६ या काळात ‘साकुरा’ नावाची कितीतरी गाणी वेगवेगळ्या कलाकारांनी गाजवली. चेरीच्या पाकळ्या गळाल्या, पलीकडे काही नाही. आयडॉल गटांच्या ‘नेटानं लढा’ छापाच्या गाण्यांवर थांबायचंही कारण नाही.

‘योरु नि काकेरु’वर मात्र थांबायलाच हवं. डिसेंबर २०१९ मध्ये आलेलं हे गाणं २०२० च्या बिलबोर्ड जपानच्या वार्षिक यादीत पहिलं ठरलं आणि नंतरच्या, रात्री एकट्यानं ऐकायच्या रात्रगाण्यांना त्यानं वळण दिलं. संगीतकार आयासे हात्सुने मिकूसारख्या संगणकी आवाजांसाठी लिहून तयार झालेला. श्वास घ्यायला जागा नसलेल्या ओळी तिथूनच आल्या आहेत. कारागिरी अव्वल आहे. पण होशिनो मायो यांच्या ज्या लघुकथेवर ते बेतलं आहे ती मृत्यूच्या ओढीची कथा आहे, आणि ज्यानं थोपवायचं तोच अखेर त्या ओढीत सामील होतो. हे सगळं उडत्या लयीत, लखलखत्या पियानोवर येतं. मृत्यू हा विषय निषिद्ध आहे, असं मी म्हणत नाही. अकिता हिरोमूनं लिहिलेलं आणि नाकाशिमा मिकानं २०१३ मध्ये गायलेलं गाणं तर मरावंसं वाटण्याच्या कारणांवरच उभं आहे. पण शेवटी त्यात दुसरं माणूस येतं, आणि त्याच्यामुळे बोलणाऱ्याचं तोंड जगाकडे वळतं.

मुलांना आपलं दुःख ओळखीचं वाटलं, एवढं पुरे नाही का, असं मला विचारलं जातं. पुरे नाही. जपानच्या मंत्रिमंडळ कार्यालयानं चार दशकांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये मांडलं की अठरा वर्षांखालच्या आत्महत्या १ सप्टेंबरला, सुट्टीनंतर शाळा उघडते त्या सुमारास, सर्वाधिक असतात. त्याच ऑगस्टमध्ये कामाकुरा शहराच्या ग्रंथालयानं मुलांना जाहीरपणे कळवलं की शाळा असह्य झाली असेल तर इकडे या. एक ग्रंथालय जे बोलू शकतं ते लाखो मुलांच्या कानाशी असलेला गायक का बोलत नाही?

समूहगानानं हे काम होईल, असंही मी म्हणणार नाही. २०२३ च्या शालेय वर्षात प्राथमिक आणि माध्यमिक मिळून जवळजवळ साडेतीन लाख जपानी मुलं शाळेपासून दूर राहिली. त्यांना शेजारचा गळा नाही, ‘तेगामी’चे तीन थर त्यांच्यासाठी कोणी उभे करत नाही. त्यांच्यापर्यंत पोचतात ती रात्रगाणीच. म्हणून मागणी त्या गाणी करणाऱ्यांकडेच करायची. तुमच्याइतकं त्या मुलाच्या जवळ आज दुसरं कोणी मोठं माणूस नाही, तेव्हा त्याचंच दुःख त्याला परत ऐकवून तुम्हाला सुटता येणार नाही. तुम्ही पंचविशी-तिशी गाठली आहे, त्या वर्षांतून निभावून आला आहात. कसे आलात, ते दुसऱ्या कडव्यात लिहा.