वेग नव्हे, मुदत

‘रिअल टाइम’ संगणक प्रणालीची ओळख करून देताना परिचयपर पुस्तके बहुधा एवढेच सांगतात, की ती ताबडतोब उत्तर देते. ही व्याख्या अपुरी आहे आणि कारखान्यासाठी सॉफ्टवेअर रचणाऱ्याची ती दिशाभूल करते. उत्तर ठरलेल्या मुदतीत नक्की येते का, हा खरा प्रश्न आहे. बॉयलरमधील दाब मर्यादेबाहेर जाण्यापूर्वी झडप उघडलीच पाहिजे. एरवी वेगवान, पण हजारात एकदा उशीर करणारी प्रणाली तेथे नापासच.

वर्गात हा फरक समजावण्यासाठी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारचे उदाहरण घेता येईल. कमी पावसाच्या या गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस आणि विहिरींची पातळी मोजायची, माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला ठेवायचे आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचे. मोजमाप, निर्णय, कृती, पुन्हा मोजमाप : स्वयंचलित नियंत्रणाचे चक्रही असेच असते. येथे घाई नाही, मुदत मात्र आहे. रब्बीची पेरणी उरकल्यावर हाती आलेला अचूक ताळेबंद काय कामाचा? शिवाय शेतीसाठी विंधन विहीर नाही, ऊस-केळी नाही, हे नियम आधीच ठरलेले आहेत. त्यामुळे हिशेब थोडा चुकला तरी नुकसानीला मर्यादा राहते. बॉयलरला संगणकाखेरीज वेगळा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तो याच कारणासाठी.

मात्र हे उदाहरण फार ताणू नये. गावाला विचार करायला दिवस मिळतात. कारखान्यात अनेक कामे एकाच प्रोसेसरवर मिलिसेकंदांसाठी झगडतात. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक पुन्हा पुन्हा आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. हवामान-नोंदींच्या कमी प्राधान्याच्या कामाने एक सामायिक साधन अडवले होते. मधल्या प्राधान्याची कामे त्याला थांबवत आणि त्या साधनाची वाट पाहणारे सर्वांत महत्त्वाचे काम मुदत चुकवी. अडवणाऱ्या कामाला तेवढ्यापुरते वरचे प्राधान्य देण्याची सोय पृथ्वीवरून चालू केल्यावर दोष दूर झाला. संगणकाचा वेग होता तेवढाच राहिला.

तेव्हा प्रोग्राम लिहिण्याआधी विद्यार्थ्यांनी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडावीत : मुदत कोणती, टंचाईत आधी कोणाला आणि मुदत चुकलीच तर काय? पुस्तकांनीही व्याख्येतील ‘ताबडतोब’ काढून तेथे ‘मुदतीत’ हा शब्द घालावा.