थर्मोकपल कुठे बसवले होते?

विंडस्केलच्या आगीवरील लेखांत बहुधा चालकांच्या घाईलाच दोष दिला जातो. हे अपुरे वाटते. इंग्लंडमधील या प्लुटोनियम बनवणाऱ्या अणुभट्टीच्या ग्रॅफाइटमध्ये न्यूट्रॉनांच्या माऱ्याने ऊर्जा साठत असे. भट्टी मुद्दाम तापवून ती मोकळी करीत. ८ ऑक्टोबर १९५७ रोजी तापमान उतरताना दिसले, म्हणून चालकांनी भट्टी पुन्हा तापवली. पण थर्मोकपल होते नेहमीच्या कामात सर्वांत तापणाऱ्या भागात. या प्रक्रियेत तापत होता दुसराच भाग! (वर्गात नुसते ‘भट्टीचे तापमान’ म्हणणाऱ्या आपणा शिक्षकांचेही इथेच चुकते.) १० तारखेला युरेनियमच्या कांड्या लालबुंद झालेल्या आढळल्या. नोव्हेंबर १९५७ च्या ब्रिटिश श्वेतपत्रिकेतही उपकरणांची उणीव नोंदलेली आहे. मग आपल्या लेखांतून ती का गळते?