काळ्या मेंढीवरचा कर

एखादी निरर्थक गोष्ट निरर्थक म्हणून सोडून देणं मोठ्या माणसांना जमत नाही. आमचे एक स्नेही तर इंग्रजी बालगीतांचे गूढार्थ सांगण्यात पटाईत आहेत. वाढदिवसाच्या घरी पोरांनी हात धरून 'रिंगा रिंगा रोझेस'चा फेर धरला, की हे गृहस्थ केकची बशी खाली ठेवतात आणि म्हणतात, "हे प्लेगचं गाणं, बरं का!" मग १६६५ सालचा लंडनचा प्लेग, अंगावरचे लाल चट्टे, शिंका आणि पटापट पडणारी माणसं. ऐकणाऱ्या आयांच्या घशात वेफर अडकतो.

कथा झकास आहे. पुरावा तेवढा नाही. इंग्लंडात हे गाणं पुस्तकात छापून आलं १८८१ साली. सॅम्युअल पेपिसने त्या प्लेगच्या दिवसांची बारीकसारीक रोजनिशी लिहिली. तीत या गाण्याचा उल्लेख नाही. काही जुन्या पाठांत तर शिंकाच नाहीत, आणि मुली पडत नाहीत, गुडघे वाकवून लवून नमस्कार करतात. प्लेगचा अर्थ रुळला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. म्हणजे गाण्यापेक्षा त्याचा 'प्राचीन' अर्थच वयाने लहान!

काळ्या मेंढीचंही तेच. म्हणे, ते १२७५ सालच्या लोकरीवरच्या कराविरुद्धचं गाऱ्हाणं. गाणं छापलेलं सापडतं ते १७४४ च्या सुमारास. कराबद्दल कुरकुर करायला ४७० वर्षं थांबलेला करदाता मी तरी पाहिलेला नाही. आमच्याकडे बजेटच्या संध्याकाळीच सुरुवात होते.

आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने १९५१ साली ऑक्सफर्डसाठी बालगीतांचा कोश केला. गाण्याचा सर्वांत जुना पाठ कुठला, तो कुठे सापडतो, हे आधी पाहायचं, ही त्यांची रीत. गूढार्थवाल्यांची रीत उलटी : आधी राजा निवडायचा, मग त्याला गाणं चिकटवायचं. न चिकटणाऱ्या ओळी गिळून टाकायच्या.

गंमत अशी, की हम्प्टी डम्प्टीत गूढार्थ खरोखरच होता. ते एक कोडं होतं आणि उत्तर होतं अंडं. गाण्यात अंड्याचा शब्दही नाही. लुईस कॅरॉलच्या १८७१ च्या पुस्तकात जॉन टेनिएलने अंडं काढलं, पुढे चित्रांनी तेच गिरवलं, आणि उत्तर इतकं पाठ झालं की कोडं होतं हेच सगळे विसरले. जो अर्थ मुलांनी शोधायचा तो आम्ही मुखपृष्ठावर छापला आणि स्वतः मात्र १६४८ च्या वेढ्यातली तोफ शोधत बसलो.

पोरं फेर धरतात ती शेवटी धपकन पडायला मिळतं म्हणून. माझ्या मते एवढा अर्थ पुरे आहे.