'फ्री कल्चर' आणि परवानगीची व्यवस्था : एक चिकित्सक अभ्यास

सारांश :
लॉरेन्स लेसिग यांच्या 'फ्री कल्चर' (2004) या ग्रंथाने प्रताधिकार, संगणक आज्ञावली आणि संस्कृती यांच्या परस्परसंबंधांची मूलगामी चर्चा केली. प्रस्तुत लेखात या ग्रंथातील प्रमुख प्रतिपादनाचा परामर्श घेऊन ते भारतीय कायदा व न्यायनिर्णय यांच्या आधारे तपासले आहे. प्रताधिकाराच्या संरक्षणासाठी रूढ झालेली मजकूर हटविण्याची पद्धती शासनसंस्थेच्याही हाती येते, या शक्यतेकडे ग्रंथात पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

प्रस्तावना :
प्रताधिकार, म्हणजेच कॉपीराइट, हा विषय महाविद्यालयीन अध्यापकांच्या विचारविश्वात सहसा दोनच प्रसंगी येतो : स्वतःचे पुस्तक प्रकाशकाकडे सोपविताना आणि विद्यार्थ्यांसाठी दुसऱ्याच्या पुस्तकातील प्रकरणाची झेरॉक्स काढताना. पहिल्या प्रसंगी अध्यापक हक्काचा धनी असतो, तर दुसऱ्या प्रसंगी तोच संशयित ठरू शकतो. एकाच व्यक्तीच्या वाट्याला येणाऱ्या या दोन भूमिकांमधील तणाव समजून घेण्यासाठी लेसिग यांचा ग्रंथ आजही उपयुक्त आहे.

ग्रंथ लिहिला तेव्हा लेसिग स्टॅनफर्ड विद्यापीठात कायद्याचे अध्यापन करीत होते. पेंग्विन प्रकाशनाने ग्रंथ छापील स्वरूपात विक्रीस आणला आणि त्याच सुमारास क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली तो इंटरनेटवर विनामूल्यही उपलब्ध झाला. शीर्षकातील 'फ्री' या शब्दाचा अर्थ 'फुकट' नसून 'स्वतंत्र' असा आहे, हे लेसिग यांना आरंभीच स्पष्ट करावे लागते. या बाबतीत ते रिचर्ड स्टॉलमन यांच्या मुक्त आज्ञावलीच्या चळवळीचे ऋण मान्य करतात. मराठीत 'मुक्त' आणि 'फुकट' हे दोन स्वतंत्र शब्द असल्याने हा घोटाळा शब्दांच्या पातळीवर उद्भवत नाही. तथापि विचारांच्या पातळीवर तो आपल्याकडेही आढळतो. मुक्त ज्ञानाची मागणी करणारा अध्यापक लेखकाचे मानधन बुडवू पाहतो, असा समज प्रकाशनव्यवहारात सर्रास दिसतो.

ग्रंथाचे प्रतिपादन :
लेसिग यांचा मूळ मुद्दा असा की, प्रत्येक संस्कृती पूर्वसूरींच्या निर्मितीवर उभी असते आणि ती सामग्री वापरण्याचे स्वातंत्र्य हा अपवाद नसून नियम होता. वॉल्ट डिस्ने यांचा 'स्टीमबोट विली' हा 1928 चा बोलपट बस्टर कीटन यांच्या त्याच वर्षीच्या 'स्टीमबोट बिल, ज्युनिअर' या मूकपटाच्या विडंबनातून आकारास आला. ग्रिम बंधूंच्या कथांवरही डिस्ने यांनी अनेक चित्रपट रचले. मात्र पुढील पिढ्यांना डिस्नेच्या निर्मितीवर तसाच संस्कार करता येऊ नये, अशी व्यवस्था क्रमाक्रमाने उभी राहिली. अमेरिकेत 1998 च्या कायद्याने प्रताधिकाराची मुदत आणखी 20 वर्षांनी वाढविली. व्यक्तिगत लेखनासाठी ती मृत्यूनंतर 70 वर्षे झाली.

या मुदतवाढीला आव्हान देणाऱ्या एल्ड्रेड खटल्यात स्वतः लेसिग यांनी सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद केला. 15 जानेवारी 2003 रोजी न्यायालयाने 7 विरुद्ध 2 अशा बहुमताने आव्हान फेटाळले. या पराभवाचे प्रकरण ग्रंथातील सर्वांत प्रामाणिक भाग ठरते. मुदतवाढीमुळे प्रत्यक्ष कोणते नुकसान होते हे न्यायमूर्तींना पटवून देण्याऐवजी आपण घटनात्मक तत्त्वावरच भर देत राहिलो, हा दोष लेखक स्वतःकडे घेतो. त्या नुकसानीचे प्रमाण ग्रंथात अन्यत्र दिसते. लेसिग यांनी दिलेल्या आकडेवारीनुसार 1930 मध्ये अमेरिकेत 10,047 पुस्तके प्रकाशित झाली आणि 2000 मध्ये त्यांपैकी केवळ 174 बाजारात उपलब्ध होती. थोड्या पुस्तकांच्या मिळकतीसाठी उरलेली सर्व पुस्तके कुलूपबंद राहतात, असा याचा अर्थ होतो. 'स्टीमबोट विली' अखेर 1 जानेवारी 2024 रोजी अमेरिकेत सार्वजनिक झाला.

भारतही या प्रवृत्तीला अपवाद नाही. 1957 च्या प्रताधिकार अधिनियमात लेखकाच्या मृत्यूनंतर 50 वर्षांची मुदत होती. रवींद्रनाथ ठाकूर यांचे निधन 1941 मध्ये झाले असल्याने त्यांच्या साहित्याचे हक्क 1991 अखेर संपणार होते. त्या पार्श्वभूमीवर मुदत 60 वर्षांवर नेण्यात आली आणि ती वाढ सर्वच लेखकांना लागू झाली. परिणामी 1950 मध्ये निवर्तलेल्या साने गुरुजींचे साहित्य 2001 ऐवजी 2011 च्या आरंभी मुक्त झाले. वि. स. खांडेकर यांच्या साहित्यासाठी 2037 च्या आरंभापर्यंत थांबावे लागेल. लोकप्रिय लेखकांच्या पुस्तकांच्या आवृत्त्या निघत राहतात, त्यामुळे वाचकाचे फारसे अडत नाही. परंतु एकच आवृत्ती निघून विस्मृतीत गेलेल्या, वारसांचा पत्ता नसलेल्या मराठी लेखकांच्या बाबतीत परवानगी मागायची कोणाकडे, हा प्रश्न संशोधकापुढे उभा राहतो.

कायदा आणि आज्ञावली यांची युती :
ग्रंथातील अधिक मौलिक भाग आज्ञावलीविषयीचा आहे. छापील पुस्तक वाचणे, उसने देणे, मोठ्याने वाचून दाखविणे किंवा जुन्या बाजारात विकणे, यांसाठी कायद्याने कधीच परवानगी मागितली नाही. संगणकावर मात्र प्रत्येक वापरात प्रत तयार होते आणि म्हणून प्रत्येक वापर प्रताधिकाराच्या कक्षेत ओढला जातो. लेसिग येथे अॅडोबी कंपनीच्या ई-पुस्तक वाचकप्रणालीची उदाहरणे देतात. हक्कांची मुदत संपलेल्या 'मिडलमार्च' या कादंबरीतून 10 दिवसांत केवळ 10 वेळा मजकूर उचलण्याची आणि 10 पृष्ठे छापण्याची मुभा होती. अॅरिस्टॉटलच्या 'पॉलिटिक्स'ची तर एक ओळही उचलता येत नव्हती. खुद्द लेसिग यांच्या पूर्वीच्या ग्रंथाच्या ई-आवृत्तीतही मजकूर उचलणे, छापणे आणि यंत्राकडून वाचून घेणे निषिद्ध होते. ज्यावर कोणाचाही हक्क उरलेला नाही अशा ग्रंथावरही आज्ञावली हक्क गाजवू शकते, हे या उदाहरणांतून सिद्ध होते.

अशी आज्ञावली ओलांडणे हाच अमेरिकेतील 1998 च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अधिनियमाने गुन्हा ठरविला. याच कायद्याखाली अॅडोबीच्या तक्रारीवरून दिमित्री स्क्ल्यारोव्ह या रशियन प्रणालीकाराला जुलै 2001 मध्ये लास व्हेगास येथे अटक झाली. पुढे अॅडोबीने तक्रारीचा पाठपुरावा सोडला आणि डिसेंबर 2002 मध्ये ज्यूरीने त्याच्या कंपनीस निर्दोष ठरविले. तथापि खासगी कंपनीने आखलेल्या कुंपणाच्या रक्षणार्थ शासनाचे पोलीस धावून येतात, ही बाब या प्रकरणाने अधोरेखित केली. 2009 मध्ये अॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून ऑर्वेल यांच्या '1984' च्या प्रती दूरस्थपणे काढून घेतल्या. त्या आवृत्तीच्या विक्रेत्याकडे हक्क नव्हते आणि ग्राहकांना पैसेही परत मिळाले, हे खरे. पण विकलेले पुस्तक वाचकाच्या घरात शिरून परत नेण्याची सोय छापील ग्रंथाच्या विक्रेत्याला कधीच नव्हती.

भारतीय कायदा या बाबतीत अधिक समंजस आहे. 2012 च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेले कलम 65अ केवळ हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण ओलांडणाऱ्यालाच शिक्षा सांगते. अधिनियमाने मना न केलेल्या कारणासाठी कुलूप उघडणे त्यात गुन्हा ठरत नाही. मात्र उघडण्याचे साधन नसलेल्या ग्रंथपालाला या मुभेचा उपयोग कितपत होणार, हा प्रश्न शिल्लक राहतो.

दिल्ली विद्यापीठाचे प्रकरण :
लेसिग यांच्या विचारांची भारतातील खरी कसोटी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्सच्या दुकानात लागली. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी 2012 मध्ये रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस व विद्यापीठ यांच्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. विविध पुस्तकांतील प्रकरणांचे अभ्याससंच बांधून विकले जातात, ही त्यांची तक्रार होती. 16 सप्टेंबर 2016 रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. प्रताधिकार हा दैवी वा नैसर्गिक अधिकार नाही, तसेच विद्यार्थ्याने ग्रंथालयात बसून हाताने उतरवून घेणे वैध असेल तर यंत्राने प्रत काढल्याने ते अवैध होत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. 9 डिसेंबर 2016 रोजी खंडपीठाने अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींना असलेली सूट उचलून धरली. मात्र अभ्याससंचांतील मजकूर अध्यापनासाठी आवश्यक होता काय, एवढा मुद्दा पुराव्याने तपासण्यासाठी दावा पुन्हा पटलावर घेतला. मार्च 2017 मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

या निर्णयाचे महत्त्व दुहेरी आहे. एक तर वापर आधी आणि परवानगी नंतर, किंबहुना परवानगी नकोच, हे तत्त्व शिक्षणाच्या क्षेत्रात मान्य झाले. दुसरे असे की, हा विजय कागदी प्रतीच्या जगातला आहे. महाविद्यालये आज जी नियतकालिके संगणकीय वर्गणीने घेतात, त्यांच्या वापराच्या अटी करारात आणि आज्ञावलीत लिहिलेल्या असतात. वर्गणी थांबली की मागील अंकही हाती राहतील याची शाश्वती करारागणिक बदलते. न्यायालयाने झेरॉक्सच्या दुकानात दिलेले स्वातंत्र्य विक्रेत्याच्या करारपत्रात हिरावले जाण्याची शक्यता अध्यापकांनी ओळखायला हवी.

ग्रंथाची मर्यादा :
ग्रंथाच्या प्रास्ताविकात लेसिग कॉस्बी खटल्याची कथा सांगतात. जमिनीचा मालक पाताळापासून आकाशापर्यंतच्या जागेचा मालक असतो, अशी जुनी धारणा होती. नॉर्थ कॅरोलिनातील एका शेतकरी कुटुंबाच्या कोंबड्या खालून उडणाऱ्या विमानांच्या भीतीने मरू लागल्या, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. 1946 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आकाशावरील मालकीची ती धारणा कालबाह्य ठरविली. नव्या तंत्रज्ञानापुढे जुन्या मालमत्ता-कल्पनेने मुरड घालून घ्यावी, असा बोध लेसिग यातून काढतात.

परंतु या कथेत आणखी दोन धागे आहेत. ती विमाने लष्कराची होती, म्हणजेच प्रतिवादी शासन होते. शिवाय आकाशाची मालकी नाकारूनही शेतकऱ्याचा भरपाईचा हक्क न्यायालयाने मान्य केला. परवानगी लागणार नाही, पण नुकसान सोसणाऱ्यास मोबदला मिळेल आणि तो देण्याची जबाबदारी बलवान पक्षावर राहील, असा तिहेरी समतोल त्या निर्णयात आहे. लेसिग यांच्या विवेचनात तंत्रज्ञान हा प्रायः बड्या माध्यमसमूहांकडून गांजलेला पक्ष ठरतो आणि शासन हे त्या समूहांच्या दबावाखाली कायदे करणारी यंत्रणा. ही भूमिकावाटणी पुढील वीस वर्षांत टिकली नाही. तंत्रज्ञान कंपन्या स्वतःच द्वारपाल झाल्या. नोव्हेंबर 2024 मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआय कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला, तेव्हा पूर्वी विद्यार्थी व ग्रंथालये यांच्या बाजूने होणारा मुक्त वापराचा युक्तिवाद एका बलाढ्य कंपनीच्या बचावाचा आधार झाला.

त्याहून गंभीर बाब शासनाविषयीची आहे. तक्रार येताच मजकूर हटविला तर मध्यस्थ कंपनीस दायित्वातून सूट मिळते, ही पद्धती प्रथम प्रताधिकाराच्या क्षेत्रात सुस्थिर झाली. भारतात प्रताधिकार नियम 2013 नुसार तक्रारीनंतर 36 तासांत मजकूर रोखावा लागतो. तक्रारदाराने 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा खुला करता येतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 69अ खालील 2009 च्या नियमांत मात्र शासनाने मजकूर रोखण्याविषयीच्या मागण्या व कार्यवाही कठोरपणे गोपनीय ठेवण्याची तरतूद आहे. म्हणजे प्रकाशकाला 21 दिवसांत न्यायालयाची पायरी चढावी लागते, शासनाला ती चढावी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 च्या श्रेया सिंघल निर्णयात कलम 69अ वैध ठरविताना लेखी कारणांची आणि उच्च न्यायालयात दाद मागण्याची हमी लक्षात घेतली होती. पण कारणेच गुप्त राहिली, तर दाद कशाच्या आधारे मागायची, याचे उत्तर नियमांत मिळत नाही.

त्याच निर्णयाने कलम 66अ रद्दबातल केले. नोव्हेंबर 2012 मध्ये मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर मत मांडल्यावरून पालघरमध्ये दोन तरुणींना झालेली अटक ही त्या याचिकेची पार्श्वभूमी होती. पुढे एप्रिल 2023 मध्ये केंद्र शासनाच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा हे शासनाच्याच विभागाने ठरवावे, अशी नियमदुरुस्ती झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाल्यानंतर 20 सप्टेंबर 2024 रोजी तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी ती घटनाबाह्य ठरविली. दोन्ही प्रसंगी न्यायालयाने अतिक्रमण रोखले. तथापि पालघरची अटक आणि कलम रद्द होणे यांत दोन वर्षांहून अधिक काळ गेला, हे विसरता येत नाही.

निष्कर्ष :
1. परवानगीच्या व्यवस्थेविषयीचे लेसिग यांचे निदान आजही ग्राह्य आहे. मुदतवाढ आणि आज्ञावली यांच्या युतीने सार्वजनिक ज्ञान आक्रसते, याचा पुरावा भारतातही मिळतो.
2. ग्रंथात शासनसंस्थेचा विचार अपुरा आहे. हटविण्याची यंत्रणा एकदा सिद्ध झाली की ती प्रकाशकापुरती मर्यादित राहत नाही. म्हणून अशा प्रत्येक यंत्रणेत कळविण्याची, ऐकून घेण्याची आणि ठरावीक मुदतीत न्यायालयापुढे येण्याची सक्ती शासनावरही असली पाहिजे.
3. परवानगी आणि मोबदला या दोन बाबी वेगळ्या करून पाहणे आवश्यक आहे. विद्यार्थ्याच्या झेरॉक्सला लागू होणारी सूट अब्जावधींचा व्यवसाय करणाऱ्या कंपनीस त्याच मापाने देणे न्याय्य ठरत नाही.
4. महाविद्यालयांनी संगणकीय वर्गणीचे करार करताना अध्यापनासाठी प्रती काढण्याची मुभा आणि मागील अंकांवरील हक्क लेखी मागून घ्यावेत. दिल्ली उच्च न्यायालयाने मान्य केलेला अधिकार करारावर सही करून सोडून देणे हे अध्यापकवर्गाला परवडणारे नाही.