राखणीचा कोंबडा कुणाच्या घरचा?

रीमेक आला की फॅन लोकांची दोन भांडणं ठरलेली असतात. एक, जुनंच भारी होतं. दोन, मांगात असं नव्हतंच. दोन्ही भांडणं मीही तावातावाने केली आहेत, अजून करतो. पण मांगा, म्हणजे मूळ जपानी कॉमिक, हातात धरून एकेक फ्रेम ताडून बघणं हा हिशेबनिसाचा धंदा झाला. नव्या माणसाने जुन्या गोष्टीला काय विचारलं, हे बघण्यात जास्त मजा आहे. भुताखेतांच्या सिरीजमध्ये तर हमखास.

का, ते सांगायला आधी आमच्या बागेत जावं लागेल. रत्नागिरीकडे आंब्याच्या बागेला दोन राखणदार असतात. एक पगारी, हल्ली बहुतेक नेपाळहून आलेला. दुसरा दिसत नाही. त्याला वर्षातून एकदा राखण द्यायची. कुठे नारळावर भागतं, कुठे कोंबडा लागतो. बदल्यात तो जागा सांभाळतो, रात्री-अपरात्री जाणाऱ्याला वाट दाखवतो, आणि राखण चुकली तर चुकल्याची आठवणही करून देतो. तुम्ही माना की मानू नका, पण हा एक करार आहे. न दिसणाऱ्या कुणाशी तरी केलेला, आजोबांनी केलेला, आणि नातवाने निभवायचा. जगातल्या निम्म्या भुताच्या गोष्टी या कराराच्याच आहेत. त्यात मला एकच विचारायचं असतं: कोंबडा कुणाच्या घरचा गेला?

'दोरोरो' याच प्रश्नावर उभं आहे. ओसामु तेझुकाचा मांगा 1967चा. 1969 साली त्याचं पहिलं ॲनिमे आलं, कृष्णधवल, 26 एपिसोडचं. गोष्ट अशी की दाइगो कागेमित्सु नावाचा सरदार राक्षसांशी सौदा करतो आणि मोबदल्यात स्वतःचा न जन्मलेला मुलगा देतो. मूल जन्मतं ते अवयवांविना. नदीत सोडलेलं ते पोर वाचतं, लाकडी हातापायांनी वाढतं, हातात बसवलेल्या तलवारींनी एकेक राक्षस मारतं आणि एकेक अवयव परत मिळवतं. त्या मुलाचं नाव ह्याक्कीमारू. दोरोरो हे त्याच्याबरोबर हिंडणारं चोरटं, बडबडं पोर.

जुन्या गोष्टीत बाप सत्तेसाठी हपापलेला, म्हणजे सरळ सरळ खलनायक. राक्षस 48. मापा आणि तेझुका प्रॉडक्शन्सने 2019मध्ये 24 एपिसोडचा रीमेक केला तेव्हा राक्षस 12वर आले. ऑनलाइन तक्रारी झाल्या त्या बहुतेक या आकड्यावर. खरा बदल दुसरीकडे आहे. नव्या गोष्टीत दाइगोच्या मुलखात दुष्काळ आहे, रोगराई आहे, माणसं मरताहेत. आणि सौदा केल्यावर पाऊस खरंच पडतो. शेतं पिकतात. लोक पोटभर जेवतात. एका बाळाच्या कातड्यावर, डोळ्यांवर, कानांवर अख्खा मुलूख सुखात जगतो. मग ह्याक्कीमारू एकेक अवयव परत घेऊ लागतो तसतसं तिकडे पीक करपायला लागतं.

आता सांगा, कुणाची बाजू घ्यायची? त्याचा धाकटा भाऊ ताहोमारू जेव्हा म्हणतो की एका माणसासाठी मी माझी प्रजा मरू देणार नाही, तेव्हा त्याला चूक म्हणायला जीभ रेटत नाही. आणि बरोबर म्हणायला तर त्याहून रेटत नाही. कारण एव्हाना आपण ह्याक्कीमारूला पहिल्यांदा ऐकू येताना पाहिलेलं असतं. कान मिळाल्याचा आनंद त्याला होत नाही. आवाज त्याला टोचतात, तो कान दाबून बसतो. सुखाचा पहिला आवाज म्हणजे मिओ नावाच्या मुलीचं गाणं, आणि त्या मिओचं पुढे काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. दुसऱ्या अर्ध्यात ॲनिमेशन मधेमधे ढासळतं, दर एपिसोडला एक राक्षस अशा साच्यातले दोन-तीन भाग तर सहज गाळता आले असते. पण 50 वर्षं जुन्या गोष्टीत एकच कलम बदलून, सौदा खरंच लागू पडतो हे एवढंच कलम, तिला पार नवी करणं याला मी रीमेक म्हणतो.

'फुलमेटल अल्केमिस्ट'चं प्रकरण याच्या उलट. 2003ची सिरीज आली तेव्हा मांगा पुरा व्हायचा होता, म्हणून तिने अर्ध्यातून स्वतःची वाट धरली. 2009चं 'ब्रदरहुड' मांगाच्या मागे मागे नीट चाललं आणि घरोघर तेच लाडकं झालं. मला स्वतःला 2003चं उदास, वेडंवाकडं रूप जास्त आठवतं. या विषयावर माझ्याशी वाद घालू नका, जेवण थंड होईल.

वारंवार नवी होणारी गोष्ट बघायची तर 'गेगेगे नो किटारो' बघा. स्मशानात जन्मलेला भुताचा पोरगा आणि त्याचा बाप, जो आता एक चालताबोलता डोळा उरला आहे. 1968, 1971, 1985, 1996, 2007, 2018: टीव्हीवर सहा वेळा ही गोष्ट नव्याने झाली. साधारण दर दशकातल्या पोरांना त्यांचा किटारो मिळाला. लेखक शिगेरू मिझुकी (1922–2015) साकाइमिनातोमध्ये वाढले. ते मासळीचं बंदर आहे, आपल्या मिरकरवाड्यासारखं. शेजारच्या एका म्हातारीने त्यांना लहानपणी योकाई सांगितले, म्हणजे तिकडची भुतंखेतं, जागेवाले, नदीतले, अंधारातले. पुढे मिझुकी युद्धावर गेले, डावा हात गमावून परतले, आणि उरलेल्या हाताने ती म्हातारीची भुतं काढत बसले. आज त्या गावात रस्त्याच्या कडेला योकाईंचे ब्राँझचे पुतळे आहेत आणि ते बघायला लोक गाड्या भरून येतात.

2023मध्ये किटारोच्या जन्माआधीची गोष्ट सांगणारा सिनेमा आला. तो मोठ्यांसाठी आहे, धाकट्या भावंडांना शेजारी बसवू नका. साल 1956. गावातल्या बड्या घराण्याचा कर्ता मेला आहे. वाड्यावर सगळे नातेवाईक जमलेत. मृत्युपत्र वाचायचं आहे. एकेक माणूस मरायला लागतो. घराण्याच्या श्रीमंतीखाली काय पुरलंय ते हळूहळू कळतं.

ओळखीचं वाटलं ना?

'रात्रीस खेळ चाले'. 2016, झी मराठी. अण्णा नाईक मेलेत, वाड्यावर मुलं-सुना-नातेवाईक जमलेत, मुंबईचे आणि गावचे एका छताखाली आलेत आणि वाड्यात काहीबाही घडतंय. कुणी कुणाचं उचललं असं मी म्हणत नाही. आपली मालिका सात वर्षं आधीची आहे. कर्ता मेला की भूत जागं होतं हे दोन्हीकडच्या माणसांना आपापल्या घरातून ठाऊक आहे, इतकंच. कोकणातलं भूत पिंपळावर राहतं असं बाहेरच्यांना वाटतं. ते सातबाऱ्यावर राहतं. एका गुंठ्यावर बावीस नावं, त्यातली सहा वारलेली, चार बोरिवलीत, एकाचा पत्ताच नाही. अशा जागेत रात्री पावलं वाजायला मुद्दाम कुणी मरावं लागत नाही.

पहिल्या सीझनला हे कळलं होतं. आकेरीचा वाडा, मालवणी बोली, अंगणातला काळोख हे सगळं खरं होतं. आकेरी सावंतवाडीजवळ, सिंधुदुर्गात. 1981पर्यंत तोही रत्नागिरी जिल्हाच होता, तेव्हा आम्ही तेवढा हक्क सांगतोच. पण रोजच्या मालिकेला रोज रात्री एक दचका द्यावा लागतो, आणि महिनोनमहिने रोज दचकणारा माणूस शेवटी दचकायचा थांबतो. मला अर्ध्यापुढे कोण काय करतंय याची उत्सुकता होती, भीती नव्हती.

2019चा दुसरा सीझन मात्र वेगळ्याच जातीचा निघाला. त्याने काळ मागे नेला. अण्णा जिवंत. म्हणजे शेवट सगळ्यांना आधीच माहीत: हा माणूस मरणार, हे घर फुटणार, शेवंताचं भलं होणार नाही. रहस्य गेल्यामुळे लिहिणाऱ्यांचे हात मोकळे झाले आणि त्यांनी माणसं लिहिली. माधव अभ्यंकरांचा अण्णा हा मराठी टीव्हीवरचा फार मोठा राक्षस आहे, आणि त्याला शिंगं नाहीत. तो धोतर नेसतो, झोपाळ्यावर बसतो, जमीन लाटतो, बायकांकडे बघतो. शकुंतला नरे यांच्या माई हे सगळं बघतात आणि चूल पेटवतात. अपूर्वा नेमळेकरची शेवंता हावरी आहे, हुशार आहे, आणि या व्यवहारात आपल्याकडे एकच नाणं आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. पांडू सगळं विसरतो. प्रल्हाद कुडतरकर मालिका लिहीतही होते आणि पांडूही तेच होते, म्हणून मला कायम वाटत आलंय की त्या वाड्यात सगळ्यात जास्त लक्षात असलेला माणूस पांडूच असणार.

भूत कसं तयार होतं ते या सीझनने दाखवलं. एकाने लाटलं, दुसऱ्याने गप्प राहून चालू दिलं, तिसऱ्याचा जीव गेला. 'दोरोरो'च्या मुलखासारखंच या घराचं सुख कुणाच्या तरी अंगातून काढलेलं आहे, आणि जेवायला बसलेल्या प्रत्येकाला ते थोडंथोडं माहीत आहे. कोंबडा कुणाच्या घरचा, याचं उत्तर रोज रात्री अर्धा-अर्धा तास मिळत होतं.

2021च्या तिसऱ्या सीझनने ते सगळं खर्चून टाकलं. अण्णा आणि शेवंता आता भुतं म्हणून वाड्यात वावरू लागले. पण तोपर्यंत दोघं आपल्या व्हॉट्सॲपवरचे स्टिकर झाले होते. ज्याला बघून आपण टाळी देतो त्याला घाबरायचं कसं? मध्येच शेवंताची नटी बदलली, त्याचीही चर्चा झाली. पण नटी तीच राहिली असती तरी फार फरक पडला नसता. जिवंतपणी जे करून झालं त्यापलीकडे या भुतांना काही करायचंच नव्हतं. करार संपलेला, वसुली चालू, अशी बँकेच्या माणसासारखी ती दारात उभी.

इथे एक तक्रार नेहमी येते, अशा मालिका अंधश्रद्धा वाढवतात म्हणून. ती हसण्यावारी नेऊ नये. राज्यात 2013पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो उगाच झालेला नाही. करणी केल्याचा संशय एखाद्या बाईवर आला की तिचं गावातलं जगणं संपतं, आणि संशय घेणाऱ्याचा बांध बऱ्याचदा तिच्या बांधाला लागून असतो. म्हणूनच मला भूत दाखवलं की नाही यापेक्षा त्या भीतीचा फायदा कुणाला होतो ते दाखवलं की नाही, हे महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्या सीझनने ते दाखवलं. तिसऱ्याने नुसतं भूत दाखवलं.

आता 'तुम्बाड'. हे गाव आमच्या जिल्ह्यातलं, खेड तालुक्यातलं. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मुळे मराठी वाचकाला माहीत असलेलं. राही अनिल बर्वेने सिनेमासाठी नाव तिथून घेतलं, आणि गोष्टीमागे नारायण धारपांची एक कथा आहे. धारप स्वतः इंग्रजी भयकथा मराठी मातीत बिनधास्त लावायचे, म्हणजे हीही नव्याने सांगितलेल्याची नवी सांगणीच. सिनेमा 12 ऑक्टोबर 2018ला आला आणि फारसा चालला नाही. सप्टेंबर 2024मध्ये पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त चालला; मधल्या सहा वर्षांत तुमच्या-माझ्यासारख्यांनी फोनवर बघून एकमेकांना पाठवला होता. त्यातला पाऊस मला कुठल्याही ॲनिमेतल्या पावसाइतका आवडतो. हस्तर तर सबंध देशात तोंडपाठ झाला.

तरी एक खटकतं. त्या गावात माणसंच नाहीत. वाडा आहे, विहीर नाही तर गर्भाशय आहे, विनायक आहे आणि त्याचा लोभ आहे. ज्याला जगायला जागा द्यायची आणि ज्याच्याकडून वसूल करायचं तो कुळवाडी कुठे आहे? खोतीतलं गाव म्हटलं की पहिला प्रश्न तो. शिवाय सगळे हिंदी बोलतात. हस्तरही आमच्याकडचा कुणी नाही, सिनेमासाठी घडवलेला देव आहे. लोभाची गोष्ट म्हणून सिनेमा पक्का, पण तो लोभ एकट्याचा आहे. दाइगोचा सौदा सगळ्या मुलखाचा होता, म्हणून तो जास्त छळतो.

12 सप्टेंबर 2025 हा दिवस माझ्यासारख्यांसाठी गमतीचा होता. त्याच शुक्रवारी भारतात 'डेमन स्लेयर'चा 'इन्फिनिटी कॅसल' लागला आणि त्याच शुक्रवारी सुबोध खानोलकरांचा 'दशावतार'. एकात राक्षस कापणारी जपानी पोरं, दुसऱ्यात दिलीप प्रभावळकरांचा म्हातारा दशावतारी बाबुली मेस्त्री आणि त्याच्या रानावर टपलेले खाणवाले. ॲनिमेशनमध्ये 'इन्फिनिटी कॅसल'ला तोड नाही, पण फ्लॅशबॅक सुरू झाला की पाणी पिऊन यायला वेळ मिळतो. 'दशावतार' उत्तरार्धात भडक होतो, खलनायक खलनायकासारखेच बोलतात. पण राखणदार तिथे कामाला लागतो. जागा कुणाची आणि तिची किंमत कोण मोजणार, हे त्याने उघड विचारलं. थिएटरात शिट्ट्या वाजल्या त्या तिथेच.

दशावतार मात्र दक्षिणेकडचा. आमच्या रत्नागिरीकडे नमन. गण असतो, गवळण असते, ती पिढ्यान्पिढ्या तीच. आणि मग वग, तो मंडळं नवनवा बसवतात. ठेवायचं काय आणि बदलायचं काय याची वाटणी आमच्या खेळ्यांनी कधीच करून ठेवली आहे. आणि संकासूर! काळा अंगरखा, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. कुठल्याही ॲनिमेत हा उभा करा, पहिल्याच एपिसोडनंतर त्याच्या बाहुल्या विकल्या जातील. पुराणात वेद चोरणारा शंखासुर, विष्णूने मारलेला. आमच्याकडे शिमग्यात तो दारात येतो, पोरं किंचाळत आत पळतात, बायका त्याला नवस बोलतात. त्याला हसतातही आणि घाबरतातही, एकाच वेळी. अण्णाला जे तिसऱ्या सीझनमध्ये जमलं नाही ते हा दर वर्षी घामाघूम होऊन करून दाखवतो.

त्याची सिरीज कुणीतरी करा. संगमेश्वरी बोलीत करा, सबटायटल द्या. जपानी सबटायटल वाचत आम्ही अख्खी रात्र काढतो, तर बाकीच्यांना संगमेश्वरी वाचायला काय होतंय? बंद घरांचं गाव घ्या, पालखी नाचवायला मुंबईहून पोरं आणावी लागतात असं. हायवेत गेलेल्या जमिनीचे पैसे नुकतेच आलेत, वाटणी व्हायची आहे. शिमग्याच्या रात्री संकासूर एका दारात येतो, आणि ज्याने तो वेश घेतलेला असतो तो माणूस मात्र घरी तापाने फणफणलेला आहे. सहा एपिसोड पुरेत. रोज दचकवायची गरज नाही.

तोवर 'दोरोरो'. पहिले सहा एपिसोड एका बैठकीत बघा, मधे थांबलात तर मिओचा भाग तुटतो.