बत्तीस डबे आणि एक ब्रश

दह्याच्या डब्यात दही असतं, यावर अमेरिकेतल्या मराठी घरात वाढलेलं कुठलंही मूल विश्वास ठेवत नाही. ३२ औंसांचा तो पांढरा डबा दही संपल्यावरच खरा कामाला लागतो. कधी त्यात कटाची आमटी, कधी भिजवलेला साबुदाणा, कधी आजीने बॅगेत कोंबून पाठवलेली भाजणी. काकूंनी गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमासाठी हाच डबा रंगवला, तोही बत्तीस वेळा. आपल्या मराठी मंडळाच्या इतिहासात इतकं फर्मास चित्र दुसरं झालेलं नाही, हे मी छातीठोकपणे लिहितो. संपादक मंडळाने या वाक्याला कात्री लावू नये.

काकू कोण, हे सांगायला नकोच. ज्याने आपल्या गणपतीची कमान पाहिली, त्याने काकूंचा हात पाहिला. नाव छापायचं नाही ही त्यांची अट आहे आणि ती मोडायची माझी हिंमत नाही.

चित्राबद्दल आधी. वीस इंच उंच आणि सोळा इंच रुंद असे बत्तीस पट, मागे केशरी, राणी, पोपटी, मोरपंखी असे सपाट भडक रंग. एकही रंग दुसऱ्यात मिसळलेला नाही, सावली नाही, लाडिक छटा नाहीत. लांबून सगळे डबे एका साच्यातून काढल्यासारखे दिसतात. जवळ गेलं की प्रत्येकाची कुंडली वेगळी. एकाचं झाकण मायक्रोवेव्हमध्ये वाकलेलं. एकाचं झाकण भलत्याच डब्याचं, हिरवं. आणि खालच्या ओळीतल्या एकाला आतून हळदीचा पिवळा डाग, कितीही घासला तरी न जाणारा. प्लॅस्टिकच्या पांढऱ्यातून आतला पिवळा नेमका किती दिसेल, तेवढाच दाखवला आहे. मला विचाराल तर सगळ्या चित्राचा जीव त्या डागात आहे.

बत्तीसच का, हे मंडळाच्या पिट्सबर्ग सहलीला आलेल्यांना ठाऊक आहे. आपल्या गावाहून गाडीने दोन-अडीच तासांवर अँडी वॉरहॉलचं सात मजली संग्रहालय आहे, १९९४ साली उघडलेलं. वॉरहॉल पिट्सबर्गचाच, जन्म १९२८चा. जुलै १९६२ मध्ये लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत त्याने कॅम्पबेल सूपच्या डब्यांची बत्तीस चित्रं मांडली, प्रत्येक चवीचं एक, दुकानातल्या फळीवर मांडतात तशी रांगेत. शेजारच्या गॅलरीवाल्याने खरेच डबे काचेत रचून त्याची टर उडवली. आज ती बत्तीसही चित्रं न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट संग्रहालयात आहेत. काकूंचे पट त्याच मापाचे. गंमत म्हणजे आपल्या डब्यावरही ३२चाच आकडा.

वॉरहॉल म्हणजे यंत्रावर छापलेली चित्रं, असं आपली कॉलेजातली मुलं सांगतात. तो छपाईकडे वळला, पण नंतर. हे बत्तीस डबे त्याने हाताने रंगवले होते. आडवी नक्षी तेवढी ठशाने उमटवलेली. काकूंना हे कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मग आमच्या बाबांत आणि त्याच्यात फरक तो काय?"

फरक नाहीच, काकू. कोल्हापुरात ज्या घरात सिनेमाचे बोर्ड रंगवायचे, त्या घरात काकू वाढल्या. बाबूराव पेंटरसुद्धा नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवतच सिनेमात आले, त्या गावची ही परंपरा. छोट्या फोटोवर चौकटी आखायच्या, तशाच मोठ्या चौकटी कापडावर खडूच्या दोरीने मारायच्या आणि एकेक चौकट भरत जायचं. जवळून पाहिलं तर नायकाच्या गालावर निळा, नाकाशेजारी हिरवा, कपाळावर लाल असे नुसते फराटे. रस्त्यापलीकडून पाहिलं की चेहरा उभा राहतो. मुंबईत चित्रकार हुसेन यांनीही उमेदीच्या दिवसांत असेच बोर्ड रंगवले. बडोद्यात चार्टर्ड अकाउंटंट असलेल्या चित्रकार भूपेन खख्खर यांनी १९७२ साली घड्याळ दुरुस्तीचं दुकान पाटीसकट रंगवलं आणि ते कलादालनात गेलं. (आपल्या मंडळात अकाउंटंट इतके आहेत, एखाद्याने तरी ब्रश धरायला काय हरकत होती?) फ्लेक्स आला आणि काकूंच्या घरच्या दुकानाला कुलूप लागलं. कोल्हापुरात जे बंद पडलं ते इथे एका तळघरात चालू आहे, याचा मला अभिमान वाटतो आणि थोडं वाईटही वाटतं.

आता तडजोडी. काकूंना खरं तर एकच मोठा पडदा हवा होता. शाळेच्या सभागृहवाल्यांनी नियम दाखवला: स्टेजवर टांगायचं कापड आग न धरणारं असल्याचा दाखला आणा. म्हणून पट आले. तेलरंगांचा वास तळघरात कोंडतो, म्हणून अ‍ॅक्रिलिक आले. कार्यकारिणीत फ्लेक्सचीही सूचना झाली, स्वस्तात दोन दिवसांत मिळेल म्हणून. ती बैठक फार लांबली. शेवटी सुतारकाम करणारं आपलं ते जोडपं म्हणालं, "लाकूड आमचं, कापणं आमचं," आणि विषय मिटला. त्या दोघांनी ऑफिस सांभाळून बत्तीस चौकटी कापल्या, घासल्या, कॅनव्हास ताणून बसवले. त्यांच्याशिवाय या मंडळाचं पान हलत नाही. त्यांचा पुतळा उभारावा असं मी म्हटलं असतं, पण तो रंगवायला पुन्हा काकूंनाच बोलवावं लागेल.

आणि तो प्रयोग! जे आले नव्हते त्यांच्यासाठी लिहितो. पडदा वर गेला तेव्हा स्टेजवर फक्त चार फळ्या आणि बत्तीस डबे. टाळ्या तिथेच पडल्या. मग मराठी शाळेतली बत्तीस मुलं आली आणि एकेकाने आपला पट उलटा करून मागे काय लिहिलंय ते ओरडून सांगायला सुरुवात केली. "गोडा मसाला!" "मेतकूट!" "पुरणाचा कट!" मागच्या बाजूला काकूंनी दुकानाच्या पाटीसारखी जाडजूड, वळणदार अक्षरं काढली होती, लाल अक्षराला पिवळी कड. "आमसुलं!" म्हटल्यावर आज्यांच्या रांगेतून हुंकार आला. "आईच्या बांगड्या!" म्हटल्यावर एक आई खुर्चीत लपली. तबलेवाल्याने प्रत्येक डब्यानंतर एक तुकडा टाकायचा ठरलं होतं, पण विसाव्या डब्यापर्यंत हशात त्याचा तबला ऐकूच येईना. शेवटचा पट सर्वांत छोट्या मुलीकडे. तिने तो उलटा केला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "दही." सभागृह असं फुटलं की पुढच्या कार्यक्रमाच्या निवेदकाला पाच मिनिटं बोलता आलं नाही.

मी विंगेत होतो. तिथून दिसलेली एक गोष्ट प्रेक्षकांना दिसली नाही. अर्ध्याअधिक मुलांच्या तळहातावर बॉलपेनने रोमन लिपीत शब्द लिहिलेले होते. पटावरची काकूंची हातभर अक्षरं समोर असताना मुलं हाताकडे पाहून बोलत होती. मुलांना बोल लावत नाही. आठवड्यातून दीड तासाच्या शाळेत 'ळ' आणि 'ज्ञ' येईपर्यंत सॉकरचा मोसम सुरू होतो. पण पालकांनो, तुमच्या घरातल्या मसाल्याच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या कुठल्या लिपीत आहेत, ते एकदा बघा.

रंगवायला मुलं येतात, हे मान्य करायला हवं. निम्म्या डब्यांचे सपाट रंग मुलांनीच भरलेत आणि कडा सरळ आहेत. संग्रहालयात डबा टांगलेला पाहिला की त्यांना ती कला वाटते. कोल्हापूरच्या बोर्डाला तो मान का नाही, हा माझा राग मी इथे आवरता घेतो. अडतं ते अक्षरांपाशी. सगळे बत्तीस शब्द काकूंच्या हातचे आहेत, त्यांचं मनगट आता दुखतं, आणि दुसरा हात तयार नाही.

वॉरहॉलबद्दलची एक गोष्ट मला त्याच्या डब्यांहून जास्त आवडते. त्याचे आईवडील आजच्या स्लोव्हाकियातल्या मिकोवा गावातून पोटासाठी पिट्सबर्गला आले. घरात बोली गावाकडची. आई युलिया रिकाम्या डब्यांचा पत्रा कापून फुलं करायची आणि विकायची. पुढे मुलगा न्यूयॉर्कला जाहिरातींची चित्रं काढू लागला तेव्हा त्यातली अक्षरं त्याने आईकडून लिहून घेतली. मूनडॉग या संगीतकाराच्या १९५७ सालच्या तबकडीचं वेष्टन तिच्याच वळणदार हस्ताक्षराने भरलंय, आणि त्यावर श्रेय 'अँडी वॉरहॉलची आई' असं आहे. तिचं इंग्रजी कच्चं होतं. अक्षर मात्र तिने गावाहून आणलेलं होतं.

तर, मराठी शाळेच्या वेळेनंतर काकू आता पाटी रंगवायचा वर्ग घेणार आहेत. आधी उभे दांडे, मग गोलाई, शिरोरेषा शेवटी, असा त्यांचा क्रम आहे. ब्रश चपटा, अर्ध्या इंचाचा. तो मंडळ देईल. जुना शर्ट घरून आणायचा. फोन बाहेर ठेवायचा आणि पालकांनीही बाहेरच थांबायचं. दह्याचे रिकामे डबे रंग कालवायला लागतील, ते धुऊन पाठवावेत. हळदीचे डाग असलेले चालतील.