‘स्मृतिचित्रां’तील आनंदाची साक्ष

सन १९०७ मध्यें जळगांवास जें पहिलें महाराष्ट्र कविसंमेलन भरलें, त्यांत अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनीं धरणगांवीं जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलास ‘बालकवि’ म्हणून गौरविलें, ही गोष्ट खानदेशांत सर्वांस ठाऊक आहे. पुढें हाच मुलगा अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या घरीं जाऊन राहिला, हेंही पुष्कळांस माहीत असतें. परंतु त्या घरांत असें काय होतें, आणि ठोमऱ्यांस तें आपलें कां वाटलें, असा प्रश्न निघाला म्हणजे टिळकांच्या काव्यगुरुत्वाचा उल्लेख करून बहुधा पुढें सरकण्यांत येतें. घर चालविणाऱ्या बाईकडे वळण्याची आवश्यकता कोणास भासत नाहीं. त्या बाईनें तर आपल्या संसाराची हकीकत चार भागांत लिहून ठेविली आहे. लक्ष्मीबाई टिळक यांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ ते १९३६ या काळांत प्रसिद्ध झालीं. चौथा भाग निघाला तेव्हां त्या हयात नव्हत्या.

या ग्रंथाचें वाङ्मयीन मोल नव्यानें सांगावयास नको. प्रस्तुत लेखाचा विषय निराळा व थोडा अवघड आहे. या पुस्तकांत आरंभापासून एक आनंद भरून राहिला आहे. आणि ज्या आयुष्याचें तें वर्णन आहे, त्यांत आनंदाचीं कारणें फारच थोडीं. अपत्यांचे मृत्यु, पतीचें वारंवार घर सोडून जाणें, १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांनीं घेतलेला बाप्तिस्मा, त्यानंतर चार-साडेचार वर्षांची ताटातूट, प्लेग, पैशाची कायमची ओढाताण, आणि शेवटीं १९१९ मध्यें आलेलें वैधव्य. मग हा आनंद आला कोठून? ‘ख्रिस्तामुळें’ हें लक्ष्मीबाईंचें उत्तर असणार. इतिहासाच्या अभ्यासकानें हें उत्तर साक्ष म्हणून कितपत ग्राह्य धरावें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

या पुस्तकाच्या वाचकांत दोन पक्ष दिसतात. पहिल्या पक्षास यांतील विनोद फार आवडतो; श्रद्धेचा भाग तो संसारांतील एक अपघात म्हणून सोडून देतो. दुसरा पक्ष मिशनच्या चष्म्यांतून पाहणारा. त्याच्या मतें बाप्तिस्म्यापूर्वीं अंधार आणि बाप्तिस्म्यानंतर उजेड, असा या चरित्राचा सरळ हिशेब आहे. पहिलें वाचन अपुरें आहे. दुसरें तर ग्रंथांतील कालानुक्रमाशींच जुळत नाहीं.

कालानुक्रम असा. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळच्या जलालपूर गांवीं झाला. त्यांच्या आईच्या वडिलांस सत्तावन्नच्या बंडाच्या धामधुमींत फांशी झाली. त्या धक्क्यानें लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनानें जें घेतलें, तें सोवळ्याच्या रूपानें बाहेर पडलें. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तु धुऊन घरांत घ्यावयाची. मीठ-साखरेचीही त्यांतून सुटका नाहीं. लक्ष्मीबाई हा भाग इतक्या गमतीनें सांगतात कीं, वाचक हसून पुढें जातो. येथें थांबावयास हवें. हें सोवळें नेहमींचा ब्राह्मणी आचार नव्हे. तें भय आहे. सरकारनें घरांतला माणूस फासावर चढविला. त्यानंतर उंबऱ्याबाहेरचें सारें जग त्या गृहस्थास विटाळलेलें दिसूं लागलें, आणि त्या भयांत एक मूल वाढलें. १८५७ च्या बंडाचे घरगुती परिणाम नोंदविणारा याहून बोलका मजकूर मराठींत क्वचितच आढळेल. पण तो विषय स्वतंत्र आहे.

पतीकडे परत आल्यावरही लक्ष्मीबाईंनीं आपलें खाणेंपिणें वेगळें राखलें होतें. मग एके दिवशीं एकट्या विचार करीत असतां त्यांच्या मनास असें पटलें कीं, हे जातीचे भेद देवानें केलेले नसून माणसांनीं केले आहेत. त्यासरशीं कोणाच्याही हातचें पाणी घेण्यास त्यांचें मन मोकळें झालें. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे विधि मागून आला, भय आधीं गेलें. पंथाच्या दृष्टीनें हा क्रम कोणी उलटा म्हणेल. परंतु बाईंनीं तो जसा घडला तसाच लिहिला आहे. प्रचारासाठीं लिहिणाराच्या हातून हें झालें नसतें. साक्ष खरी मानण्यास हें पहिलें कारण.

येथें बाबा पदमनजी यांच्या ‘अरुणोदया’ची आठवण होते. १८८४ चें तें आत्मचरित्रही धर्मांतराचेंच आहे. पण पदमनजींचा मार्ग ग्रंथांचा, वादांचा व शंकानिरसनाचा. तेथें समाधान हें दीर्घ युक्तिवादाचें फळ म्हणून येतें. लक्ष्मीबाईंनीं शाळा पाहिली नव्हती. त्यांच्याजवळ युक्तिवाद असा नाहींच. जें आहे तें तांब्याभर पाण्याचें आहे. वडिलांनीं जन्मभर जग धुऊन काढलें आणि त्यांना निर्धास्तपणा लाभला नाहीं. मुलीनें धुणें थांबविलें आणि तिला तो लाभला. प्रस्तुत लेखकाच्या मतें ‘स्मृतिचित्रां’तील आनंदाचें मूळ या ठिकाणीं आहे. ख्रिस्ती श्रद्धेनें या बाईस संकटांतून सोडविलें नाहीं. संकटें पूर्वींइतकींच राहिलीं, किंबहुना वाढलीं. सुटलें तें माणसांचें भय. त्यामुळें पुढचीं दुःखें या आनंदास पोखरूं शकलीं नाहींत.

यावर दोन आक्षेप संभवतात. १८९५ च्या घटना साठी उलटल्यावर लिहिलेल्या. म्हातारपणीं मागें पाहतांना सर्वच गोड दिसतें, हा पहिला. परंतु ज्या लेखिकेस सर्व गोड करावयाचें असतें, ती पतीचा रागीटपणा, त्यांचा विक्षिपतपणा, त्यांच्या उदारपणापायीं घरांत न टिकणारा पैसा, हें इतक्या उघडपणें लिहीत नाहीं. धर्मांतराची वार्ता कळल्यावर झालेली आपली दशाही त्यांनीं झांकली नाहीं. दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे: हा आनंद श्रद्धेचा नसून स्वभावाचा आहे, जलालपुरांतील मनकर्णिकाही अशीच हसरी होती. हें निम्में कबूल केलें पाहिजे. विनोद स्वभावाचाच आहे आणि तो पहिल्या पानापासून आहे. पण विनोद आणि आनंद एक नव्हेत. पूर्वार्धांतील विनोद हा सोसणाऱ्या मुलीची ढाल आहे. उत्तरार्धांत तो आल्यागेल्यांस वाढलेलें ताट होतो. पुस्तकाचा हा पालट ज्यास दिसत नाहीं, त्यानें नगरच्या बिऱ्हाडाचीं प्रकरणें पुन्हां वाचावींत. अनाथ मुलें, आश्रित, विद्यार्थी, कवि, ज्यांस कोणी नाहीं अशीं माणसें त्या घरांत येत आणि घरचीं होऊन जात.

त्यांपैकींच एक ठोमरे. ठोमरे अखेरपर्यंत हिंदु राहिले, आणि टिळकांच्या घरांत त्यावांचून त्यांचें कांहीं अडलें नाहीं. ही गोष्ट टिळकांच्या मिशनरीपणाबद्दल जितकें सांगते, तितकें त्यांच्या व्याख्यानांवरूनही कळत नाहीं. आतां एक मोह टाळणें अवश्य आहे. बालकवींनीं ‘आनंदी-आनंद’ लिहिली आणि त्यांच्याच लेखणींतून ‘पारवा’सारखी खिन्न कविता उतरली, निसर्गांतील आनंद टिकला नाहीं, ख्रिस्तांतील टिकला, असा दृष्टांत रचणें सोपें आहे. तो रचूं नये. ठोमऱ्यांस आयुष्यच सत्तावीस वर्षांचें मिळालें. ५ मे १९१८ रोजीं जळगांव-भुसावळच्या दरम्यान भादली स्टेशनांत ते गाडीखालीं सांपडले. पन्नाशीनंतर त्यांनीं काय लिहिलें असतें, हें कोणासही सांगतां येणार नाहीं. लक्ष्मीबाईंस सदुसष्ट वर्षें मिळालीं. टिकाऊपणाची परीक्षा काळ घेतो. एकाची ती झालीच नाहीं, म्हणून त्यास नापास ठरविणें अन्यायाचें आहे.

दोन सुखांत भेद मात्र आहे, आणि तो टीकाकारानें सांगितला पाहिजे. बालकवींचा आनंद निर्झर, फुलें, चांदणें यांत वसतो. माणसें तेथें विरळ. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकांत निसर्ग जवळजवळ नाहींच. नगर, पंढरपूर, महाबळेश्वर, कोठेंही जा, त्यांना माणसें दिसतात. ‘फुलामुलांचा कवि’ म्हणून टिळकांचें नांव आहे; त्यांतील फुलें ठोमऱ्यांकडे गेलीं आणि मुलें लक्ष्मीबाईंकडे राहिलीं, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

ठोमरे गेल्यावर वर्ष होतें न होतें तोंच, ९ मे १९१९ रोजीं, मुंबईस टिळकांचा अंत झाला. त्यापूर्वीं १९१७ मध्यें मिशनची नोकरी सोडून, संन्यस्त वृत्ति पत्करून त्यांनीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला होता. तेव्हां मागें राहिलेल्या बाईस शिल्लक काय असणार? मुंबईस वसतिगृहाची देखरेख, नंतर कराची, असें त्यांचें उत्तरायुष्य गेलें. याच काळांत पतीनें दहा-अकरा अध्यायांवर सोडलेलें ‘ख्रिस्तायन’ त्यांनीं हातीं घेतलें आणि चौसष्ट अध्याय स्वतः रचिले. तें १९३८ मध्यें, त्यांच्या पश्चात् प्रसिद्ध झालें. काव्य या नात्यानें तें ‘स्मृतिचित्रां’च्या पासंगासही लागत नाहीं, कथा सांगण्याच्या भरांत पुष्कळ ठिकाणीं रचना सपाट झाली आहे. तरी ज्या बाईस जोडाक्षरें लिहितांना कष्ट पडत, तिनें वार्धक्यांत केवळ कर्तव्यबुद्धीनें चौसष्ट अध्याय लिहिले असतील, हें संभवत नाहीं. तें काम आवडीचें होतें.

‘स्मृतिचित्रां’ची उणीवही सांगितली पाहिजे. ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयीं, पापाविषयीं, प्रार्थनेविषयीं लक्ष्मीबाई फार थोडें बोलतात. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशीं आलों असें टिळक म्हणत, आणि त्यांच्या ‘अभंगांजली’ंत ती भक्ति शब्दाशब्दांतून कळते. बाईंच्या अंतरांत ती कशी होती, हें ओळींच्या मधून वाचावें लागतें. धर्मशास्त्राचा अभ्यासक येथें निराश होईल. पण साक्षीदारानें जें स्वतः पाहिलें तेवढेंच सांगितलें, तर इतिहासकारानें तक्रार करूं नये.

आतां आमच्या प्रांताविषयीं. विसाव्या शतकाच्या आरंभापासून पश्चिम खानदेशांत, आजच्या धुळें व नंदुरबार जिल्ह्यांत, स्कॅंडिनेव्हियन अलायन्स मिशनचें काम विशेषतः भिल्ल वस्तींत सुरू झालें. नव्या ख्रिस्ती मंडळीच्या समाधानाचीं वर्णनें करणारे मिशनचे वृत्तांत स्वदेशांतील देणगीदारांसाठीं लिहिले जात. त्यांत आनंद हा हिशेबाचा भाग असतो. त्यांवरून निष्कर्ष काढणें धोक्याचें आहे. हवीं आहेत तीं त्या कुटुंबांचीं स्वतःचीं पत्रें, मोडक्या अक्षरांतील वह्या, तोंडीं चालत आलेल्या हकीकती, मंडळ्यांचीं नोंदपुस्तकें. धुळ्यास सत्कार्योत्तेजक सभेनें शंकर श्रीकृष्ण देव यांच्या हातून रामदासी मठांचे कागद गांवोगांवहून गोळा केले, तेव्हां कोणी त्यांस हें कामाचें नाहीं असें म्हटलें नाहीं. नवापूर, नंदुरबार, जळगांव, भुसावळ येथील ख्रिस्ती घरांतील पेट्या त्याच आस्थेनें उघडावयास हव्यात. आणि नगरच्या मुक्कामांतील ठोमऱ्यांचें एखादें पत्र धरणगांवाकडे कोणापाशीं राहिलें असल्यास त्याची नक्कल या त्रैमासिकाकडे यावी, अशी विनंति आहे.